फायब्रिन ग्लू (हृदयशस्त्रक्रियेतील वापर)

टाके घालूनही झिरपत राहणारे रक्त थांबवण्यासाठी वापरतात ते द्विघटकी संधानक (चिकटवणारा पदार्थ). एका सिरिंजमध्ये फायब्रिनोजेन हे रक्तातील प्रथिन व तेरावा क्लथन घटक (रक्त गोठवणाऱ्या घटकांपैकी एक), तर दुसरीत फायब्रिनोजेनचे फायब्रिनच्या तंतूंत रूपांतर करणारे थ्रॉम्बिन हे विकर (एन्झाइम) व कॅल्शियम क्लोराइड असते. दोन्ही एकाच दट्ट्याने ढकलल्या की द्रव टोकाशी मिसळतात आणि काही सेकंदांतच ऊतकावर पांढुरका, लवचिक पापुद्रा धरतो. रक्तक्लथनाची (रक्त गोठण्याची) अखेरची पायरी अशी बाहेरूनच पुरवली जात असल्याने हेपारिन या रक्त गोठू न देणाऱ्या औषधाचा अंमल असताना आणि हृद्-फुप्फुस यंत्रामुळे बिंबाणू (प्लेटलेट) दुबळे झालेले असतानाही हा ग्लू उपयोगी पडतो. जोराने उडणारी धार मात्र त्याने थांबत नाही. तेथे टाकाच घालावा लागतो.

या ग्लूचा आरंभ कोणापासून मानावा याविषयी एकमत नाही. बहुतेक ग्रंथ बेर्गेल यांनी १९०९ मध्ये वापरलेल्या फायब्रिनच्या भुकटीकडे बोट दाखवतात. पण ती रक्तस्तंभक (रक्तस्राव थांबवणारी) होती, चिकटवणारी नव्हती. यंग व मेडावर यांनी १९४० मध्ये रक्तद्रवाने (प्लाझ्माने) मज्जातंतू जोडले. क्रॉन्काइट व सहकाऱ्यांनी १९४४ मध्ये त्वचारोपणासाठी फायब्रिनोजेन व थ्रॉम्बिन एकत्र वापरले, मात्र फायब्रिनोजेन विरळ असल्याने जोड कच्चा राही. ही उणीव तीव्र फायब्रिनोजेन वापरून व्हिएन्नातील मात्रास यांनी १९७२ च्या सुमारास दूर केली. आजच्या ग्लूचा आरंभ येथून धरणे अधिक सयुक्तिक वाटते.

यूरोपात तो सत्तरच्या दशकाअखेरीस बाजारात आला. अमेरिकेत रक्तद्रवातून काविळीचा संसर्ग होण्याच्या भीतीमुळे १९९८ पर्यंत परवानगी मिळाली नाही. दरम्यान तेथील रुग्णालये रक्तपेढीतील क्रायोप्रेसिपिटेट (रक्तद्रवातून वेगळा काढलेला फायब्रिनोजेनयुक्त साका) व गाईचे थ्रॉम्बिन मिसळून ग्लू स्वतःच बनवत. अशा थ्रॉम्बिनमुळे काही रुग्णांत पाचव्या क्लथन घटकाविरुद्ध प्रतिपिंडे तयार होऊन उलट रक्तस्रावच होई. पुन्हा छाती उघडाव्या लागलेल्या रुग्णांवरील बहुकेंद्री चाचणीत (१९८९) ग्लूने पाच मिनिटांत ९२.६ टक्के, तर रूढ उपायांनी १२.४ टक्के ठिकाणी रक्तस्राव थांबला. या आकड्यांचे वजन मोठे आहे.

महारोहिणीचे (हृदयातून निघणाऱ्या मुख्य धमनीचे) थर फाटल्यास अधिक ताकदीचे ग्लू लागतात. पॅरिसमध्ये १९७७ पासून वापरलेल्या जिलेटिन-रिसॉर्सिनॉल-फॉर्मॅल्डिहाइड ग्लूनंतर काही रुग्णांत महारोहिणीची भित्तिका मृत झाल्याचे आढळले. दोष रसायनाचा की फॉर्मॅलिनच्या अतिवापराचा, हा वाद आहे. गाईचे अल्ब्युमिन व ग्लुटाराल्डिहाइड यांचा बायोग्लू दोन मिनिटांत पुरेसा घट्ट होतो. मात्र त्यासाठी पृष्ठभाग कोरडा असावा लागतो आणि टाक्यांच्या छिद्रांतून तो वाहिनीत शिरू शकतो.

फायब्रिन ग्लू वायूच्या दाबाने फवारताना नळी ऊतकाच्या फार जवळ नेल्यास वायूचे बुडबुडे रक्तात शिरण्याचा धोका असतो.