‘रांडंच्या’ आणि ‘रांडे’

कोल्हापुरात रंकाळ्याच्या काठावर किंवा एखाद्या तालमीच्या कट्ट्यावर दोन जिवलग मित्र भेटले की ‘काय रांडंच्या, हाईस कुठं?’ अशी विचारपूस होते, आणि ती ऐकून बाहेरगावचा पाहुणा दचकला की कोणीतरी त्याला समजावतो की हा शब्द ‘रण’पासून आला असून ती शिवी नव्हे, तर रणात लढणाऱ्याच्या पोराला दिलेले बिरुद आहे. खुलासा कानाला गोड असला तरी ध्वनिनियमांपुढे तो टिकत नाही. संस्कृतातील ‘ण्ड’ मराठीत उतरताना त्याच्या आधीचा स्वर सहसा लांबतो आणि अनुस्वार मागे राहतो. दण्डचा दांडा, शुण्डेची सोंड, तुण्डाचे तोंड आणि षण्डाचा सांड झाला तो याच रीतीने, आणि रण्डेची रांडही तशीच झाली. ‘रण’मध्ये मुळात ‘ड’ नाही आणि तो मागाहून शिरण्याला कारणही नाही. अभिमानापोटी रचलेल्या व्युत्पत्त्या मोबाइलवरून पसरायला वेळ लागत नाही, म्हणून एवढे सांगणे भाग पडले.

संस्कृत कोशांत ‘रण्ड’ म्हणजे अपंग, खंडित. न फळणाऱ्या झाडालाही हाच शब्द आहे. ‘रण्डा’ म्हणजे विधवा, आणि त्याच नोंदीत स्त्रीला उद्देशून वापरायचा अपशब्द, असे दोन अर्थ शेजारी शेजारी सापडतात. मराठीत विधवा हा अर्थ दीर्घकाळ जिवंत होता. ‘रांडाव’ आणि ‘बालरांड’ हे शब्द त्याची साक्ष देतात, मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशात तो नोंदलेला आहे, आणि काशीला जाणाऱ्याला ‘रांड, सांड, सीढी, संन्यासी’ यांच्यापासून जपण्याचा सल्ला देणाऱ्या हिंदी म्हणीतही रांड म्हणजे विधवाच.

मग नवरा गेल्याची नोंद करणारा शब्द चारित्र्यावरचा शिंतोडा कसा झाला? भाषाविज्ञानात यासाठी एक फार सुंदर यंत्रणा मांडली गेली आहे. आपण बोलतो तेव्हा शब्दाच्या अर्थाबरोबर एक अनुमानही ऐकणाऱ्याच्या हाती जाते. एलिझाबेथ ट्रॉगट यांच्या मांडणीत त्याला ‘निमंत्रित अनुमान’ म्हणता येईल. पाट किंवा म्होतूर, म्हणजे विधवेचे दुसरे लग्न, लावण्याची रीत नसलेल्या घरांत विधवेला पुन्हा संसार नव्हता, मालमत्तेत हक्काचा वाटा नव्हता, आणि तिच्यावर पुरुषाचा धाक उरला नाही म्हणून गावाचा संशय मात्र अखंड होता. अशा गावात ‘ती रांड आहे’ हे वाक्य उच्चारले की ‘तिचा नवरा वारला’ हा झाला अर्थ, आणि ‘म्हणून तिच्यावर नजर ठेवा’ हे झाले अनुमान. पहिल्या पिढीला या दोहोंतला फरक ठाऊक असतो. परंतु लहान मुलाला शब्दाची व्याख्या कोणी सांगत नाही. त्याच्या वाट्याला फक्त प्रसंग येतात. नळावरच्या भांडणात, दात ओठ खाऊन, कोणाला तरी हिणवताना हा शब्द वारंवार कानावर पडला, तर ते मूल अनुमानालाच अर्थ समजून बसते.

या संक्रमणाचे दोन टप्पे ओळखता येतात. पहिल्यात जुना आणि नवा असे दोन्ही अर्थ बसतात, म्हणजे विधवेलाच रागाने ‘रांड’ म्हटले जाते. दुसऱ्यात जुना अर्थ बसूच शकत नाही: नवरा ओसरीवर धडधाकट बसलेला असताना त्याच्या बायकोला शेजारीण ‘रांडे’ म्हणते. या क्षणी शब्द वैधव्यापासून सुटला, असे खात्रीने म्हणता येते. गंमत अशी की त्याच भांडणात तीच शेजारीण ‘रांड होशील!’ असा शापही देते आणि तिथे जुना अर्थ शाबूत असतो. एका तोंडात एकाच शब्दाचे दोन थर सुखाने नांदतात. (काळ्या जिभेच्या बाईचा शाप लागतो म्हणणाऱ्यांनी लक्षात घ्यावे की नवरे मरत ते पटकीने, देवीने आणि प्लेगने.)

स्त्रीवाचक शब्दांची अशी घसरण जगभर आढळते. इंग्रजीतील ‘हसी’ हा उद्धट, चवचाल बाईसाठीचा शब्द मूळच्या ‘हाउसवाइफ’चाच झिजलेला अवतार आहे आणि जर्मनमध्ये ‘डिर्ने’ हा शब्द मुलगीपासून वेश्येपर्यंत घसरला. म्युरिएल शुल्झ यांनी १९७५ मध्ये इंग्रजीतील अशा शब्दांवर लेख लिहून दाखवले की त्यांच्या जोडीच्या पुरुषवाचक शब्दांच्या वाट्याला ही गत सहसा येत नाही. आपल्याकडेही ‘विधुर’ म्हणून कोणी शिवी दिल्याचे ऐकिवात नाही.

आता ‘रांडंच्या’कडे वळू. सतत वापराने शिवीची धार बोथट होते हे खरे, परंतु ती कुठे बोथट झाली ते पाहण्यासारखे आहे. प्रमाण ‘रांडेच्या’चा हा कोल्हापुरी उच्चार, त्यात ‘रांडं’ हे सामान्यरूप, आणि ‘च्या’ पुढच्या पुरुषाला हाक मारतो. ज्या बाईला शिवी बसते ती, म्हणजे त्या मित्राची आई, संभाषणात हजर नसते, त्यामुळे हाक मारणाऱ्याला आणि ऐकणाऱ्याला दोघांनाही काही बोचत नाही. हाच शब्द ‘रांडे’ या संबोधनात थेट स्त्रीला उद्देशून वापरला की त्याची धार जशीच्या तशी परत येते. म्हणून ‘कोल्हापुरात ही शिवीच नव्हे’ हे विधान निम्म्या कोल्हापुरालाच लागू पडते.

शिवी बोचते हे शरीरावर मोजताही येते. निषिद्ध शब्द ऐकताच तळहाताला सूक्ष्म घाम येतो आणि त्वचेची विद्युतवाहकता वाढते. तुर्की मातृभाषा असलेल्या आणि पुढे इंग्रजी शिकलेल्या लोकांवरील २००३ च्या अभ्यासात निषिद्ध शब्दांना आणि लहानपणच्या दटावणीला मातृभाषेत अधिक तीव्र प्रतिसाद मिळाला. जी मुले इंग्रजी ‘बिच’ हसत हसत वापरतात, तीच मराठी प्रतिशब्दापाशी अडखळतात, त्याचे एक कारण येथे असावे.

‘रांड’ घाण वाटू लागल्यावर सभ्य बोलण्यात ‘विधवा’ हाच शब्द राहिला, लग्नपत्रिकेत ‘गं. भा.’ आले, आणि एप्रिल २०२३ मध्ये ‘गंगा भागीरथी’ हा शब्द सरकारी वापरात आणण्याचा प्रस्ताव पुढे येऊन त्यावर टीका झाली. भाषाशास्त्राला ही सौम्य शब्दांची मालिका परिचित आहे: अनुमान पुरवणारी समाजातली परिस्थिती कायम असली की नवा शब्दही लवकरच डागाळतो.

परिस्थितीवरच घाव घालण्याचे प्रयत्न मात्र याच मातीत झाले. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात विधवा पुनर्विवाहाचा कायदा केला, आणि मे २०२२ मध्ये शिरोळ तालुक्यातील हेरवाडच्या ग्रामसभेने कुंकू पुसणे, बांगड्या फोडणे व मंगळसूत्र तोडणे या प्रथा बंद करण्याचा ठराव केला. त्या गावात ‘रांड होशील’ या शापातला दम ओसरतो का, हे तपासायचे तर प्रथा न पाहिलेली मुले भांडण्याइतकी मोठी व्हावी लागतील.