स्टिरिओ छायाचित्रण : कॅमेरा व स्लाइडचे आकार (कोकण किनारा)

एकाच दृश्याची थोड्या अंतरावरून टिपलेली दोन चित्रे डाव्या व उजव्या डोळ्यांना वेगवेगळी दाखवली की खोलीचा भास होतो. त्यासाठी कॅमेरा व स्लाइड कोणत्या मापाची घ्यावी, याचा निर्णय कोकणात चित्राच्या आकारापेक्षा हलते पाणी आणि दमट हवा यांवर अधिक ठरतो.

या तंत्राच्या शोधाच्या श्रेयाविषयी मतभेद आहेत. चार्ल्स व्हीटस्टन यांनी १८३८ मध्ये आरशांचा स्टिरिओस्कोप (अशी जोडचित्रे पाहण्याचे साधन) रॉयल सोसायटीपुढे मांडला. डेव्हिड ब्रूस्टर यांचा भिंगांचा सुटसुटीत दर्शक १८४९ च्या सुमाराचा. पुढे ब्रूस्टर यांनी मूळ कल्पना एडिंबरोच्या इलियट यांची असल्याचे प्रतिपादन केले. इटालियन चित्रकार याकोपो किमेंती याच्या दोन जवळजवळ सारख्या रेखाटनांवरून हा शोध १६०० च्या आसपास नेण्याचाही प्रयत्न झाला. मात्र त्या रेखाटनांतील फरक सर्वत्र सुसंगत नाहीत. छापील पुरावा पाहता व्हीटस्टन यांचा दावाच ग्राह्य दिसतो.

पस्तीस मिमी फिल्मवर दोन आकार रूढ झाले. अमेरिकेत १९४७ मध्ये आलेल्या स्टिरिओ रिअलिस्ट कॅमेऱ्याची चौकट फिल्मच्या कडेवरील पाच छिद्रांइतक्या लांबीची, म्हणजे सुमारे २३ × २४ मिमी. व्हेरास्कोप एफ ४० व बेलप्लास्का या युरोपीय कॅमेऱ्यांची सात छिद्रांची, २४ × ३० मिमी. छत्तीस चित्रांच्या रिळात पहिल्या आकाराच्या २८-२९ जोड्या निघतात, दुसऱ्याच्या २०-२१.

रिअलिस्टची रचना बारकाईने पाहण्याजोगी आहे. फिल्मवरील दोन छिद्रांमधील अंतर ४.७५ मिमी, म्हणून पाच छिद्रांची चौकट २३.७५ मिमी. जोडीतील दोन चित्रे तीन चौकटींच्या अंतरावर पडतात, म्हणजे ७१.२५ मिमी, भिंगांतील अंतर मात्र ७० मिमी. या सव्वा मिलिमीटरच्या फरकामुळे ३५ मिमी भिंगातून सुमारे दोन मीटरवर एक काल्पनिक खिडकी तयार होते आणि दृश्य तिच्यापलीकडे दिसते. पोफळीच्या बागेत उभे राहून समुद्र टिपताना एखादी झावळी हातभर अंतरावर, चौकटीच्या कडेवर आली की खिडकी मोडते. झावळी कडेने कापलेली असूनही पुढे आल्यासारखी दिसते आणि डोळे शिणतात.

भिंगांतील अंतर सर्वांत जवळच्या वस्तूच्या अंतराच्या एक-तीसांश ठेवावे, हा नियम सर्वत्र सांगितला जातो. फिल्मवरील दोन चित्रांत जवळच्या व दूरच्या बिंदूंच्या सरकण्यातला फरक सुमारे १.२ मिमीच्या आत ठेवणे, ही दुसरी कसोटी. पहिली तोंडी हिशोबाला सोयीची, दुसरी अधिक नेमकी. राजापुरीच्या धक्क्यावरून जंजिऱ्याचा तट घ्यायचा तर सत्तर मिलिमीटरचे अंतर नगण्य ठरते. तट तीनशे मीटरवर धरला तर पहिल्या नियमाने दोन टिपा (छायाचित्रे) दहा मीटर अंतरावरून घ्यायला हव्यात. पण एकच कॅमेरा सरकवून दोन टिपा घेतल्या तर मधल्या वेळात शिडाची होडी पुढे गेलेली असते, लाटा बदललेल्या असतात आणि पाण्यावर डोळ्यांत खुपणारी चमचम दिसते. म्हणून होड्या, खाड्या व माडांच्या दृश्यांसाठी एकाच क्षणी दोन्ही झडपा उघडणारा जोडभिंगी कॅमेराच योग्य. कातळशिल्पे स्थिर असल्याने तिथे एक कॅमेरा पुरतो. कलत्या उन्हात सड्यावरील (कातळाच्या पठारावरील) उथळ कोरीव रेषा उठून दिसतात.

मोठ्या आकारात सोव्हिएत स्पुतनिक हा कॅमेरा परिचित आहे. १२० क्रमांकाच्या फिल्मवर ६ × ६ सेंमीच्या सहा जोड्या मिळतात आणि चित्राचे क्षेत्रफळ रिअलिस्टच्या पाचपटीहून अधिक भरते. मात्र आतल्या परावर्तनाने चित्र धुरकट होण्याचा दोष त्यात असून दुपारच्या समुद्रावर तो हमखास जाणवतो. व्ह्यू-मास्टर या हातात धरून पाहायच्या दर्शकाच्या चकतीत (१९३९) सात जोड्या बसतात. खेळणे म्हणूनच ती जास्त ओळखली जाते.

माउंट, म्हणजे स्लाइड बसवायची चौकट, पुठ्ठ्याचे, प्लास्टिकचे किंवा काचेचे असते. रिअलिस्टचे माउंट साधारण ४१ × १०१ मिमी. काच ओरखड्यांपासून वाचवते, पण आत ओल अडकली की जिलेटिनच्या थरावर बुरशी धरते. पावसाळ्यात महिनाभर कपाटात राहिलेल्या स्लाइडवर तिचे कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू आकाशाच्या निळ्या भागात आधी नजरेत भरतात. किनाऱ्यावर प्लास्टिकचे माउंट व सिलिका जेल घातलेला घट्ट झाकणाचा डबा हीच सोय बरी. जेल कढईत मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येते.