लोनवरचा स्ट्रायकर आणि जखमेचं वय

फुटबॉलमधला स्ट्रायकर, म्हणजे गोल करण्यासाठी पुढे खेळणारा खेळाडू, रादामेल फाल्काओ याचे तीन हंगाम शेजारी शेजारी ठेवून बघा. 2014-15 मध्ये मँचेस्टर युनायटेडकडे लोनवर, म्हणजे मूळ क्लबनं ठराविक काळापुरता उसना दिलेला: लीगमध्ये 26 सामने, 4 गोल. 2015-16 मध्ये चेल्सीकडे, पुन्हा लोनवरच: 10 सामने, 1 गोल. 2016-17 मध्ये मूळ क्लब मोनॅकोकडे परत: लीगमध्ये 21 गोल आणि फ्रान्सचं विजेतेपद. त्याला कायमचा विकत घेण्याचा पर्याय युनायटेडकडे होता, तो त्यांनी वापरला नाही. त्या वेळी चाहत्यांना विचारलं असतं तर बहुतेकांनी ‘सुटलो एकदाचे’ असंच म्हटलं असतं. माणूस संपला, असा निकाल लागून गेला होता.

लोनवरच्या खेळाडूला कायमचा घ्यावा की परत पाठवावा, या वादात दुखापतीचा उल्लेख असतोच, पण तिच्या तारखेचा हिशेब क्वचितच कुणी मांडतं. जानेवारी 2014 मध्ये फ्रेंच कपच्या सामन्यात फाल्काओच्या गुडघ्यातलं एसीएल फाटलं. शस्त्रक्रिया झाली, त्या वर्षीचा वर्ल्ड कप हुकला. सप्टेंबरच्या सुरुवातीला युनायटेडनं त्याला आणलं तेव्हा त्या गुडघ्याला आठ महिनेही पुरे झाले नव्हते.

एसीएल हे गुडघ्याच्या आत, मांडीच्या हाडापासून नडगीच्या हाडापर्यंत तिरकं गेलेलं लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा. धावता धावता एकदम वळलं किंवा उडी मारून एका पायावर उतरलं, की नडगीचं हाड पुढे सरकू पाहतं. त्याला हे अडवतं. फाटल्यावर मात्र शरीर ते आपणहून सहसा नीट जोडू शकत नाही. सांध्यातल्या द्रवात ते सतत भिजत असतं, फाटलेल्या टोकांमध्ये रक्ताची गुठळी टिकत नाही, आणि गुठळीच नसेल तर नव्या पेशींना पाय रोवायला जागा मिळत नाही. म्हणून सर्जन दुसरीकडचा टेंडन (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी) काढून तिथं कलम करतात. हा टेंडन बहुतेकदा गुडघ्याच्या वाटीखालचा किंवा मांडीच्या मागच्या बाजूचा असतो.

खरी गंमत इथून पुढे आहे. बसवलेला टेंडन मुळात चांगला मजबूत असतो, पण नंतर तो कमजोर होत जातो. त्याचा रक्तपुरवठा तुटलेला असल्यामुळे आतल्या मूळ पेशी मरतात. मग आजूबाजूनं रक्तवाहिन्या आत शिरतात, नव्या पेशी वस्तीला येतात, कोलॅजनचे जुने तंतू मोडून नवे विणले जातात. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही महिन्यांत, ही मोडतोड चालू असताना, कलम सगळ्यात नाजूक असतं. आणि नेमक्या याच दिवसांत सूज उतरते, दुखणं थांबतं, खेळाडूला आपण ठणठणीत झालो असं वाटायला लागतं. टेंडनचं लिगामेंट होण्याचं काम वर्षभर, कधी त्याहूनही जास्त चालतं. शिवाय मूळ लिगामेंटमधले मज्जातंतू मेंदूला ‘गुडघा या क्षणी कुठल्या कोनात आहे’ हे कळवत असतात. ती खबर देणारी यंत्रणाही लिगामेंटबरोबर गेलेली असते. ती कसर स्नायूंना आणि मेंदूला नव्यानं शिकून भरून काढावी लागते.

ऑस्लोतल्या संशोधकांनी 2016 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एक ठळक गोष्ट दिसली. मैदानावर परतणं नऊ महिन्यांपर्यंत जसजसं लांबवलं, तसतसं दर महिन्यामागे गुडघा पुन्हा दुखावण्याचं प्रमाण साधारण निम्म्यानं घटत गेलं. त्याच वर्षी युरोपातल्या अव्वल पुरुष क्लबांची 15 वर्षांची पाहणी प्रसिद्ध झाली. तिच्यात एसीएल फाटलेले खेळाडू साधारण 6.6 महिन्यांत सरावाला आणि 7.4 महिन्यांत सामन्याला परतत होते. तीन वर्षांनंतरही सर्वोच्च पातळीवर खेळत असलेले होते 65 टक्के. नऊ आणि 7.4 यांच्यात जे अंतर आहे, ते डॉक्टरांच्या अज्ञानाचं नाही. ते पॉइंट टेबलचं आहे.

मोठ्या दुखापतीतून उठलेला खेळाडू लोनवर येतो, तेव्हा तो हंगाम खेळाडूपेक्षा त्याच्या जखमेचं वय जास्त मोजतो, असं माझं मत आहे. फाल्काओच्या बाबतीत सगळं खापर गुडघ्यावर फोडणं अर्थातच चुकीचं होईल. लीग नवी होती, युनायटेडकडच्या 26 पैकी 12 सामन्यांत तो बेंचवरून उतरला, चेल्सीत मांडीच्या दुखापतीनं बरेच महिने खाल्ले. पण त्या दोन वर्षांच्या आकड्यांवरून ‘संपला’ म्हणणाऱ्यांनी एका बऱ्या होत असलेल्या गुडघ्याची परीक्षा घेतली आणि निकाल माणसाच्या नावावर लावला.

आता गुडघा बाजूला ठेवू. ठणठणीत स्ट्रायकर जानेवारीत लोनवर आला आणि मेपर्यंत खेळला, तरी त्याच्या गोलांवरून फार काही कळत नाही. मोठ्या लीगमध्ये साधारण दहा शॉटमागे एक गोल होतो. आपल्या स्ट्रायकरनं अर्ध्या हंगामात 40 शॉट मारले असं धरू. म्हणजे अपेक्षा चार गोलांची. आता अगदी सारख्याच, सरासरी वकुबाचे शंभर स्ट्रायकर कल्पनेत उभे करा आणि प्रत्येकाला 40 शॉट मारू द्या. गणित सांगतं की ऐंशीएक जण दोन ते सहा गोल करतील. आठेक जण एकावर किंवा शून्यावर अडकतील. आणि चौघेजण आठ किंवा त्याहून जास्त गोल करून बसतील. वकूब सगळ्यांचा तंतोतंत एकच. तरी आठवाल्यासाठी ‘वाट्टेल ते मोजा, पण घ्या’ आणि एकवाल्यासाठी ‘आज रात्रीच परत पाठवा’ असा गजर होणार. आठवाला कायमचा आला आणि पुढच्या हंगामात त्याची गाडी सरासरीवर घसरली, की ‘करार मिळाला आणि हा सुस्तावला’ म्हणायला लोक मोकळे. फ्रान्सिस गाल्टननं 1886 मध्ये आई-वडील आणि मुलांच्या उंचीत हेच पाहिलं होतं: फार उंच आई-वडिलांची मुलं उंच असतात, पण सरासरी धरली तर तितकी नसतात. त्यात मुलांचा आळस कुठेच नव्हता.

गोलांपेक्षा शॉट बघावेत, कुठून मारले ते बघावं, किती मिनिटं खेळला ते बघावं, हे आता बऱ्याच चाहत्यांना ठाऊक आहे. पण मिनिटंही खोटं बोलतात. 2022-23 हंगामाच्या सुरुवातीला अ‍ॅटलेटिको माद्रिदचा आंत्वान ग्रिझमन सामन्यामागून सामने साठाव्या मिनिटानंतरच उतरत होता. तो बार्सिलोनाकडून लोनवर होता. ठराविक प्रमाणात सामन्यांत किमान 45 मिनिटं खेळला तर त्याला 4 कोटी युरोंना कायमचा घेणं माद्रिदच्या क्लबावर बंधनकारक होईल, असं कलम करारात असल्याच्या बातम्या होत्या. ऑक्टोबरात दोन्ही क्लबांनी कमी रकमेवर तोडगा काढला, आणि ग्रिझमनची ‘तब्येत’ एका रात्रीत सुधारली. त्या आठवड्यांतली त्याची मिनिटं बघून कुणी स्नायूंबद्दल निष्कर्ष काढला असता, तर तो खरं तर वकिलांबद्दलचा निघाला असता.

चाहत्यांच्या वादात एसीएलपेक्षाही जास्त वेळा येणारा शब्द म्हणजे हॅमस्ट्रिंग. मांडीच्या मागचा हा स्नायूंचा गट पूर्ण वेगात धावताना एका विचित्र क्षणी फाटतो. पाय पुढे झेपावलेला असतो, टाच जमिनीला लागायची असते, आणि पुढे फेकल्या जाणाऱ्या नडगीला ब्रेक लावायचं काम हॅमस्ट्रिंगकडे असतं. म्हणजे स्नायू त्याच क्षणी ताणलाही जातो आणि पूर्ण जोरानं आकुंचनही पावू पाहतो. या ओढाताणीत बहुतेकदा त्या गटातल्या बायसेप्स फेमोरिस या स्नायूचा लांब भाग दगा देतो. युरोपीय क्लबांमध्ये 2001 पासून दुखापतींची नोंद ठेवणाऱ्या यूएफाच्या (युरोपच्या फुटबॉल महासंघाच्या) अभ्यासात पहिल्या हंगामात एकूण दुखापतींपैकी 12 टक्के हॅमस्ट्रिंगच्या होत्या. 2021-22 मध्ये हे प्रमाण 24 टक्क्यांवर गेलं. या सगळ्या हंगामांत मिळून हॅमस्ट्रिंगच्या 18 टक्के दुखापती परत त्याच जागी झालेल्या होत्या, आणि अशा उलटलेल्या दुखापतींपैकी दोन तृतीयांशांहून जास्त मैदानावर परतल्यावर दोन महिन्यांच्या आत झाल्या.

हा दोन महिन्यांचा आकडा लोनच्या चर्चेत कामाचा आहे. फेब्रुवारीत हॅमस्ट्रिंग गेलं, मार्चच्या अखेरीस परतला, एप्रिलमध्ये पुन्हा गेलं, तर त्या दोन दुखापती मोजायच्या की एकच न भरलेली जखम? मला विचाराल तर एकच. हंगाम संपताना ‘चार वेळा जायबंदी’ असा शिक्का बसलेल्या खेळाडूची यादी उघडून बघितली, की कधीकधी चारही ओळी एकाच स्नायूच्या निघतात. चार वेगवेगळ्या जागा दुखावणं ही निराळी गोष्ट. फाटलेल्या जागी वण येतो, भोवतीचे तंतू आखूड राहतात, आणि आखूड तंतूंना ताण कमी सोसतो. यावर नॉर्डिक हा व्यायाम आहे. गुडघ्यांवर उभं राहायचं, कुणीतरी घोटे दाबून धरायचे, आणि अंग सरळ ठेवून जमेल तितकं सावकाश पुढे झुकत जायचं. दिसायला किरकोळ, पण दुसऱ्या दिवशी जिना उतरताना त्याची किंमत कळते. बऱ्याच चाचण्या एकत्र पाहिल्या तर हा व्यायाम करणाऱ्या संघांत हॅमस्ट्रिंगच्या दुखापती जवळपास निम्म्यावर येतात. लोनवर आलेला खेळाडू हे गेली दोन वर्षं करत होता की नाही, हे त्याच्या गोलांपेक्षा मला आधी विचारावंसं वाटेल.

मग काही खेळाडू खरंच ‘काचेचे’ असतात का? याचं उत्तर थोडं अवघड आहे, कारण दोन गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत. यूएफाच्या त्याच अभ्यासात 2001 ते 2008 या काळात दर खेळाडूमागे हंगामाला सरासरी दोन दुखापती होत होत्या, म्हणजे 25 जणांच्या संघात पन्नासेक. समजा सगळ्यांची शरीरं अगदी सारखी आहेत आणि दुखापती निव्वळ नशिबानं वाटल्या जातात. तरीसुद्धा तिघे-चौघे जण अख्खा हंगाम एकही दुखापत न होता काढतील, आणि एखाद्याच्या वाट्याला पाच किंवा जास्त येतील. म्हणजे कुणीही काचेचा नसताना बहुतेक संघांत एक काचेचा माणूस ‘सापडणार’. दुसरी बाजू अशी की स्वीडनच्या अव्वल लीगमधल्या खेळाडूंवर 2001 आणि 2002 च्या हंगामांत झालेल्या अभ्यासात, आदल्या वर्षी हॅमस्ट्रिंग, जांघ किंवा गुडघा दुखावलेल्यांना पुढच्या वर्षी तीच दुखापत होण्याची शक्यता दुपटी-तिपटीनं जास्त निघाली. इतिहास खरंच पाठलाग करतो. पण तो त्या-त्या जागेचा करतो, माणसाच्या ‘नाजूक स्वभावा’चा नाही.

‘मेडिकलमध्ये, म्हणजे कराराआधीच्या तपासणीत, सगळं कळतंच की’ हा आणखी एक लाडका युक्तिवाद. मेडिकलमध्ये झालेलं नुकसान कळतं. जानेवारी 2014 मध्ये आर्सेनल क्लबनं किम शेलस्ट्रॉम या खेळाडूला लोनवर आणलं, तेव्हा तपासणीत त्याच्या पाठीच्या मणक्याला फ्रॅक्चर सापडलं. खेळाडू घेण्याची मुदत (ट्रान्सफरची खिडकी) संपायला काही तास उरले होते, दुसरा पर्याय नव्हता, तरी त्याला घेतलंच. तो सगळे मिळून चार सामने खेळला. त्यातल्या एका एफए कपच्या उपांत्य सामन्यात पेनल्टी शूटआउटमध्ये त्यानं गोल केला आणि आर्सेनलनं पुढे कपही जिंकला, ही गोष्ट वेगळी. पण पुढे काय होईल हे मेडिकल सांगू शकत नाही. नॉर्वेचे क्रीडावैद्यक तज्ज्ञ रोआल्ड बार यांनी 2016 मध्ये हे सविस्तर मांडलं. कमी ताकदीचे खेळाडू जास्त जायबंदी होतात, हे गटागटानं खरं असतं. पण जायबंदी होणारे आणि न होणारे यांचे चाचणीतले आकडे एकमेकांत इतके मिसळलेले असतात, की एका माणसाकडे बोट दाखवून ‘हा मोडणार’ असं म्हणता येत नाही. एमआरआयचंही तसंच. हॅमस्ट्रिंगमधून पूर्ण बरे होऊन परतलेल्या दहापैकी जवळपास नऊ जणांच्या स्कॅनमध्ये जखमेची खूण अजून दिसते, असं नेदरलँड्समधल्या संशोधकांना आढळलं होतं. खूण दिसते म्हणून सौदा मोडायचा, तर निम्मी लीग विकली जाणार नाही.

लोनवरच्या खेळाडूला एक जादा धोका असतो, त्याकडे कमी लक्ष जातं. आपल्या क्लबात तो बहुधा बेंचवर असतो, म्हणूनच तर लोनवर जातो. सराव रोज असतो, पण सामन्याचा वेग सरावात नसतो. यूएफाच्या आकडेवारीत सरावाच्या एक हजार तासांमागे 4.1 दुखापती होत्या आणि सामन्याच्या एक हजार तासांमागे 27.5. पाच महिने बेंचवर बसलेल्या माणसाला नव्या क्लबात पहिल्याच महिन्यात आठ सामने खेळायला लावले, तर पहिलं हॅमस्ट्रिंग कुणाचं जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको. त्यात फिफानं जुलै 2022 पासून आंतरराष्ट्रीय लोनची मुदत एका वेळी जास्तीत जास्त वर्षभर केली आहे. तरुणांना कोंबड्या-बकऱ्यांसारखं फिरवणं कमी व्हावं म्हणून हा नियम आला, आणि त्यासाठी तो चांगलाच आहे. मात्र एसीएलच्या कलमाला पुरतं पिकायला वर्ष लागतं आणि निर्णय घेणाऱ्यांच्या हातातही तेवढंच वर्ष असतं.

थांबायची तयारी असली तर काय होतं, याचं एक जुनं उदाहरण आहे. एप्रिल 2000 मध्ये रूड व्हॅन निस्टलरॉय या स्ट्रायकरला घ्यायला युनायटेड तयार होतं. तपासणीत गुडघ्याबद्दल शंका आली आणि सौदा अडला. काही दिवसांतच सराव करताना त्याचं एसीएल फाटलं. बारा महिन्यांनी, एप्रिल 2001 मध्ये, युनायटेड त्याच माणसाकडे परत गेलं आणि 1 कोटी 90 लाख पौंड मोजले. पहिल्या हंगामात त्यानं लीगमध्ये 23 गोल केले. युनायटेड सोडेपर्यंत 219 सामन्यांत त्याच्या नावावर 150 गोल होते.