मोटारीची दुसरी किल्ली इतकी महाग का?

शोरूममधून वापरलेली मोटार घेतलेल्या माणसाकडून बडोद्यात एक तक्रार हमखास ऐकायला मिळते. गाडीबरोबर एकच किल्ली हाती आली, दुसरी मागितली तेव्हा काही हजार रुपयांचा खर्च सांगण्यात आला आणि कंपनीकडून ती येईपर्यंत थांबायला लावले. तीच किल्ली रावपुऱ्यातला चावीवाला दहा मिनिटांत कापून देतो, मग ही लूट नाही तर काय? या तक्रारीतला निम्मा भाग खरा आहे. किल्लीचे धातूचे पाते चावीवाला खरोखरच उत्तम कापतो, आणि त्या पात्याने गाडीचे दारही उघडते. परंतु इंजिन सुरू करू पाहिल्यास स्टार्टर फिरतच नाही, किंवा इंजिन क्षणभर चालून बंद पडते आणि समोरच्या पट्टीवर किल्लीचे चित्र असलेला दिवा लुकलुकू लागतो. ही इमोबिलायझरची करामत आहे. किल्लीची ओळख पटेपर्यंत गाडीचा संगणक इंधन किंवा ठिणगी, किंवा दोन्ही, रोखून धरतो.

पात्याखेरीज किल्लीत आणखी काही असावे, ही कल्पना तशी जुनी आहे. जनरल मोटर्सने १९८६ च्या कॉर्व्हेट गाडीच्या किल्लीत एक छोटा रोधक, म्हणजे वीजप्रवाहाला ठरावीक अडथळा करणारा भाग, बसवला होता. त्याचे रोधमूल्य जुळले तरच गाडी सुरू होई. मूल्ये मात्र अवघी १५ होती, त्यामुळे साधा मल्टिमीटर जवळ असलेल्या कारागिराला त्या किल्लीचे गुपित हुडकायला फारसा वेळ लागत नसे. १९९० च्या दशकात रोधकाची जागा ट्रान्सपॉन्डर नावाच्या चिपने घेतली, आणि माझ्या मते मोटारीतल्या सर्वांत देखण्या भौतिकशास्त्राला तिथून सुरुवात झाली.

या चिपला स्वतःची बॅटरी नसते. किल्लीत जी गोल बॅटरी आपण बदलतो ती प्रामुख्याने दार उघडणाऱ्या बटणांसाठी असते. ती संपली तरी किल्ली फिरवून सुरू होणारी गाडी सुरू होते. मग चिपला वीज कुठून मिळते? किल्ली खुपसण्याच्या भोकाभोवती, प्लास्टिकच्या कड्याआड, तांब्याच्या बारीक तारेचे वेटोळे असते. किल्ली फिरवताच गाडी त्या वेटोळ्यातून सेकंदाला सुमारे १,२५,००० वेळा दिशा बदलणारा प्रवाह सोडते. प्रवाह बदलला की त्याच्याभोवतीचे चुंबकीय क्षेत्र बदलते, आणि बदलत्या चुंबकीय क्षेत्रात दुसरे वेटोळे असेल तर त्यात विद्युतदाब निर्माण होतो, हे मायकेल फॅरडे यांनी १८३१ मध्ये दाखवून दिले होते. हे दुसरे वेटोळे किल्लीच्या मुठीत असते. त्यात निर्माण झालेल्या विजेवर चिप जागी होते, हिशेब करते आणि उत्तर देते, आणि हे सारे सेकंदाच्या अंशात उरकते.

वीज पुरेशी मिळावी म्हणून किल्लीतल्या वेटोळ्याला एक कपॅसिटर, म्हणजे विद्युतभार साठवणारा छोटा भाग, जोडून अनुनाद साधलेला असतो. झोपाळ्याला त्याच्या स्वतःच्या लयीत हलके हलके झोके दिले की तो उंच जातो, तसेच इथे घडते. वेटोळ्याचे प्रवर्तकत्व आणि कपॅसिटरची धारिता यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ घेऊन त्याला २π ने (π म्हणजे ‘पाय’ ही गणिती संख्या) गुणले आणि त्या संख्येने एकाला भागले, की मंडलाची नैसर्गिक वारंवारता मिळते, आणि ती गाडीच्या वेटोळ्याच्या वारंवारतेशी जुळवून ठेवलेली असते. या वारंवारतेची तरंगलांबी सुमारे २.४ किलोमीटर भरते. किल्ली आणि वेटोळे यांच्यातले अंतर तिच्यापुढे नगण्य असल्यामुळे येथे रेडिओलहरी प्रवास करतात असे म्हणणे योग्य नव्हे. दोन वेटोळी एकाच चुंबकीय क्षेत्रात गुंतलेली असतात एवढेच. वेटोळ्याच्या आकाराच्या मानाने थोडे दूर गेले की हे क्षेत्र अंतराच्या घनाच्या प्रमाणात क्षीण होते, म्हणजे अंतर दुप्पट केल्यास ते आठव्या हिश्शावर येते. अनेक चिपा आपल्या वेटोळ्यावरचा भार कमीजास्त करून उत्तर कळवतात आणि गाडीच्या वेटोळ्याला तो फरक जाणवतो. हा परतीचा परिणामही त्याच घनाच्या नियमाने घटत असल्यामुळे दुप्पट अंतरावर उत्तर चौसष्टाव्या हिश्शाइतके उरते. खिशात ठेवलेल्या चिपेशी गाडी बोलू शकत नाही, त्याचे कारण हे आहे.

आता या संवादात बोलले काय जाते ते पाहू. किल्लीने दर वेळी एकच ठरावीक क्रमांक सांगितला असता, तर तो चोरून ऐकणाऱ्याला पुन्हा ऐकवता आला असता. म्हणून गाडी दर वेळी एक नवी यादृच्छिक संख्या किल्लीला देते. किल्ली त्या संख्येवर आपल्या गुप्त संख्येच्या साहाय्याने गणित करून उत्तर पाठवते, गाडी तेच गणित स्वतः करते आणि दोन्ही उत्तरे ताडून पाहते. गुप्त संख्या किल्लीतून कधीच बाहेर येत नाही. अर्थात गणित कच्चे असेल तर हा डोलारा कोसळतो. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्सच्या एका बहुप्रचलित चिपमधली गुप्त संख्या ४० बिटांची (शून्य किंवा एक अशा ४० घरांची) होती. म्हणजे शक्यता सुमारे १.१ लाख कोटी. ऐकायला हे पुष्कळ वाटते, पण जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठ आणि आरएसए प्रयोगशाळा यांच्या संशोधकांनी २००५ मध्ये दाखवून दिले, की ऐकलेल्या दोन उत्तरांवरून ती संख्या खास जुळणी केलेल्या यंत्राने तासाभराच्या आत शोधता येते. त्यानंतरच्या अनेक चिपांत एईएस नावाच्या सांकेतिकीकरण पद्धतीचे १२८ बिटांचे गणित आले, आणि तिथे सर्व शक्यता तपासत बसण्याचा मार्गच उरला नाही.

या यंत्रणेमुळे शोरूमच्या कामाचे स्वरूप वेगळे असते. तिथे गाडीचा १७ अक्षरी चॅसी क्रमांक, आरसी आणि मालकाचे ओळखपत्र पाहून कंपनीकडून किल्ली मागवली जाते. जुन्या मालकाने मूळ किल्ल्यांबरोबर आलेला क्रमांकाचा बिल्ला जपला असेल तर पाते कापण्याचे काम सोपे होते. आरसी अजून जुन्याच मालकाच्या नावावर असेल, तर विलंब आलाच. किल्ली आल्यावर स्टिअरिंगखालच्या जोडणीत स्कॅनर लावून, बहुतेक वेळा कंपनीकडून मिळालेला सांकेतिक क्रमांक देऊन, नव्या चिपेची नोंद गाडीच्या स्मृतीत करावी लागते. खर्चातला मोठा वाटा या नोंदणीचा, आणि कंपनीच्या मक्तेदारीचाही असतो. दर वाजवी असतात असे मी मुळीच म्हणणार नाही. प्रोग्रॅमर यंत्र बाळगणारे चावीवालेही आता आहेत, आणि जुन्या, कच्च्या चिपांची हुबेहूब प्रतिकृती ते स्वस्तात करून देतात. मात्र प्रतिकृतीची ओळख मूळ किल्लीचीच असल्यामुळे गाडीच्या नोंदीत काहीच बदलत नाही.

नेमका हाच मुद्दा वापरलेली गाडी घेणाऱ्याने ध्यानात घ्यायला हवा. जी दुसरी किल्ली तुम्हाला मिळाली नाही, ती जगात कुठेतरी असू शकते, आणि गाडीच्या स्मृतीतून तिची नोंद पुसली जात नाही तोवर ती गाडी सुरू करू शकते. म्हणून शोरूममध्ये केवळ एक जादा किल्ली मागण्यापेक्षा सर्व जुन्या नोंदी पुसून हातातल्या किल्ल्या नव्याने नोंदवून मागणे शहाणपणाचे आहे. त्यासाठी घरातली प्रत्येक किल्ली बरोबर न्यावी लागते, कारण त्या वेळी हजर नसलेली किल्ली बाद होते. अर्थात बाद झालेल्या किल्लीचे पाते दार उघडतच राहते, तेव्हा मौल्यवान वस्तू गाडीत ठेवू नयेत. विमा कंपन्या चोरीच्या दाव्यात साधारणपणे दोन्ही किल्ल्या मागतात, हेही दुसरी किल्ली वेळीच करून घेण्याचे एक कारण आहे.

बडोद्याच्या जीजे ०६ ची पाटी असलेल्या कोऱ्या गाडीलाही आपल्याकडे पहिल्याच दिवशी लिंबू-मिरची बांधली जाते. किती किल्ल्या नोंदवलेल्या आहेत हे मात्र कोणी विचारत नाही. त्याच पठडीतला एक संदेश व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षे फिरतो आहे: किल्ली गाडीत अडकली तर घरी फोन लावावा, घरच्यांनी दुसऱ्या किल्लीचे बटण मोबाइलपाशी दाबावे आणि आपला मोबाइल दाराजवळ धरावा, म्हणजे दार उघडते. ते उघडत नाही. बटण रेडिओलहरी सोडते, आवाज सोडत नाही. मोबाइलचा मायक्रोफोन फक्त आवाज टिपतो.

बटण दाबून सुरू होणाऱ्या गाड्यांतही ते वेटोळे बहुतेक ठिकाणी टिकून आहे. तिथली किल्ली बॅटरीवर चालते आणि खिशातूनच उत्तर देते, पण बॅटरी संपली की पुष्कळ गाड्यांत किल्ली सुरू करण्याच्या बटणाला टेकवून धरावी लागते, किंवा पुस्तिकेत दाखवलेल्या खाचेत ठेवावी लागते. तिथल्या वेटोळ्यातून चिपला पूर्वीसारखीच वीज मिळते. अशा किल्लीची नोंदणीही स्कॅनरनेच होते, आणि नोंदलेल्या किल्ल्यांची संख्या अनेक गाड्यांत स्कॅनरच्या पडद्यावर दिसते. ती संख्या मेकॅनिककडून वाचून घ्यावी आणि हातातल्या किल्ल्यांशी जुळते का ते तिथेच पाहावे.