पार्श्वभूमी : ठिपक्यांआधीचे फलक

ऑस्ट्रेलियाच्या मध्य वाळवंटातील आदिवासी चित्रकलेचा उगम १९७१ सालचा सांगितला जातो. वाळूवर, अंगावर आणि ढालींवर हीच चिन्हे त्याच्या कितीतरी आधीपासून काढली जात होती. पूर्वज कुठून निघाले, कुठे थांबले, कोणता पाणवठा त्यांच्यामुळे झाला, हे त्यांतूनच पुढच्या पिढीला कळत असे. १९७१ मध्ये फक्त ती टिकाऊ, आणि म्हणून विकता येण्याजोग्या, फळ्यांवर आली.

हे घडले ॲलिस स्प्रिंग्जपासून सुमारे २४० किलोमीटरवरच्या पापुन्या या सरकारी वस्तीत. पिंटुपी, वार्लपिरी आणि इतर भाषकांना आत्मसातीकरणाच्या, म्हणजे आदिवासींना गोऱ्या समाजात मिसळवून टाकण्याच्या, धोरणाखाली तिथे एकत्र कोंबले होते. कौतुकाच्या लेखनात हा भाग सहसा एका ओळीत उरकतात. शाळेतल्या कलाशिक्षकाने उत्तेजन दिले आणि जाणत्या पुरुषांनी शाळेच्या भिंतीवर मधाच्या मुंग्यांची कथा रंगवली. पुढे त्या भिंतीवर दुसरा रंग फासला गेला. १९७२ मध्ये चित्रकारांनी स्वतःची कंपनी काढली.

वाद आहे तो सुरुवातीच्या फलकांचा, म्हणजे फळ्यांवरच्या या चित्रांचा. त्यांपैकी काहींत दीक्षा घेतलेल्या पुरुषांनीच पाहायच्या विधीवस्तू उघड दिसतात. हे फलक शहरांत मांडले गेल्यावर शेजारच्या समाजांनी हरकत घेतली: कथा सामायिक आहेत, त्या दाखवण्याचा हक्क एकट्या पापुन्याचा कसा? त्यानंतर अशा वस्तू चित्रांतून गेल्या आणि आज या शैलीची ओळख असलेले ठिपके पसरत गेले. गुपित झाकायलाच ठिपके आले, असे कलादालनांमध्ये आजही सांगितले जाते. ते अर्धेच खरे. ठिपके जमिनीवरच्या रचनांत आणि अंगरंगकामात आधीपासून होते, शिवाय मोठे कॅनव्हास भरायला आणि गिऱ्हाइकाला आवडायलाही ते सोयीचे ठरले. खरा निर्णय होता काय रंगवायचे नाही याचा, आणि तो चित्रकारांच्या समाजांतच झाला. अनेक दशकांनी डार्विनच्या संग्रहालयानेही ज्येष्ठांशी सल्लामसलत करून काही फलक प्रदर्शनाबाहेर ठेवले.

त्यानंतरचा पसारा मोठा आहे. युएंडुमू या वार्लपिरी वस्तीत १९८३ मध्ये शाळेचे ३० दरवाजे रंगवले गेले. युटोपिया नावाच्या वाळवंटी भागातल्या स्त्रिया बाटिककडून (मेण लावून कापड रंगवण्याच्या कलेकडून) १९८० च्या दशकाच्या अखेरीस कॅनव्हासकडे वळल्या, आणि आज त्यांच्यापैकी एकीचे नाव सगळ्यांत वर घेतले जाते.

मग पैसा. वणव्याच्या कथेवरचे १९७७ चे एक चित्र तेव्हा १,२०० डॉलरला गेले होते. २००७ मध्ये लिलावात त्याचे २४ लाख ऑस्ट्रेलियन डॉलर आले. चित्रकार २००२ मध्येच वारला होता, आणि कुटुंबाला वाटा देणारा कायदा तेव्हा नव्हता. जून २०१० पासून पुनर्विक्रीवर ५ टक्के मिळू लागले, तेही कायद्याआधीच घेतलेल्या चित्रांचा कायदा लागू झाल्यानंतरचा पहिला व्यवहार वगळून.

२०२३ मध्ये दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या काही चित्रांवर गोऱ्या मदतनिसांनी कुंचला चालवल्याचा आरोप झाला. राष्ट्रीय कलादालनाने प्रदर्शन पुढे ढकलून स्वतंत्र तपासणी करवली, आणि तीत चित्रांचे कर्तृत्व मान्य झाले.