आभासी वास्तवाची कल्पना १९८४ची नव्हे

‘आभासी वास्तव (व्हर्च्युअल रिअ‍ॅलिटी) पहिल्यांदा सुचलं ते विज्ञानकथालेखक विल्यम गिब्सनला, १९८४च्या ‘न्यूरोमान्सर’ या कादंबरीत,’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. ‘सायबरस्पेस’ हा शब्द गिब्सनचाच आणि त्याची थोरवीही खरी. पण ही कल्पना त्याच्या जन्माआधीची आहे. तो जन्मला १९४८ साली.

१९३५च्या जूनमध्ये ‘वंडर स्टोरीज’ या अमेरिकी मासिकात स्टॅन्ली वाइनबॉमची ‘पिग्मेलियन्स स्पेक्टॅकल्स’ ही कथा आली. तिच्यातला प्राध्यापक लुडविग एक चष्मा बनवतो. दिसायला तो विषारी वायूपासून बचावाच्या मुखवट्यासारखा: डोळ्यांवर गॉगल, तोंडात धरायचा रबरी भाग. कथानक साठवलेलं असतं एका द्रवात. कथेचा नायक डॅन बर्क हॉटेलच्या खोलीत खुर्चीवर बसून तो चढवतो आणि खोली विरून भोवती अरण्य उभं राहतं. दृश्य, आवाज, वास, चव, स्पर्श, सगळं आहे! मला सर्वांत थक्क करते ती पुढची गोष्ट: बर्क तिथल्या पात्रांशी बोलतो आणि ती त्याला उत्तर देतात. म्हणजे तो प्रेक्षक उरतच नाही. आजच्या आभासी वास्तवाच्या हेडसेटचं मर्म नेमकं हेच.

त्याच्याही आधी, १९३३मध्ये, लेखक लॉरेन्स मॅनिंगने यंत्राला जोडून घेऊन स्वप्नात जगणारी माणसं रंगवली होती. आणि संगणकशास्त्रज्ञ आयव्हन सदरलँडचं डोक्यावर बसवायचं प्रत्यक्ष उपकरण आलं १९६८मध्ये.

वाइनबॉम मात्र १९३५च्या डिसेंबरमध्येच, अवघ्या तेहतिसाव्या वर्षी गेला. निदान श्रेय तरी त्याला मिळायला हवं.