झग्याची घडी आणि हवेतली ओल

जुलैतल्या एका रविवारी भाचा ऐरोलीला आमच्याकडे आला तो खिशात एक जादूगार घेऊनच. टेबलावर फासे टाकून खेळायच्या खेळातली ही प्लास्टिकची मूर्ती, पायांपासून डोळ्यांपर्यंत २८ मिलिमीटर, म्हणजे माणसाच्या साधारण साठाव्या हिश्श्याएवढी. ही मुलं तिला 'मिनी' म्हणतात. जादूगाराचा झगा त्याने चार छटांत रंगवला होता: घडीच्या तळाशी काळपट, मग गडद लाल, मग लाल आणि माथ्यावर गुलाबी. "मामा, व्हिडिओत दाखवलं तस्संच केलंय. पण बघ ना, जिना झालाय नुसता." खरोखरच जिना झाला होता. प्रत्येक छटेची कड वेगळी मोजता येत होती. शिवाय पाठीवर एके ठिकाणी रंगाची साल निघाल्यासारखा चट्टा होता.

मी ठाणे-बेलापूर रस्त्यावरच्या एका रंगांच्या कारखान्यात, प्रयोगशाळेत बरीच वर्षं काढली. भिंतीचा पाण्यातला रंग आणि मिनीवरचा अ‍ॅक्रिलिक रंग यांचं रसायन बरंचसं एकच. त्यामुळे पोराच्या हाताला दोष देण्याआधी मी वर पंख्याकडे आणि मग खिडकीबाहेरच्या पावसाकडे पाहिलं. चट्ट्याचं कारण तिथे होतं. जिन्याचं कारण मात्र आमच्या दोघांच्या डोळ्यांत होतं.

आधी मुळातला प्रश्न. मूर्तीला उंचसखलपणा आहे, तिच्यावर उजेड पडतो, सावली आपोआप पडते. मग ती रंगवायची कशाला? खऱ्या माणसाच्या झग्याची तीन सेंटिमीटर रुंद घडी मिनीवर अर्ध्या मिलिमीटरची होते. निरोगी डोळ्याला एक अंशाच्या साठाव्या भागाइतका बारकावा दिसतो; हातभर अंतरावर, समजा ६० सेंटिमीटरवर, तो होतो साधारण ०.१७ मिलिमीटर. म्हणजे त्या घडीच्या रुंदीत डोळ्याला जेमतेम तीन ठिपके मावतात. त्यात आपल्या घरातली ट्यूबलाइट आणि पांढऱ्या भिंती चहूबाजूंनी उजेड टाकून असलेली सावलीही भरून काढतात. मेंदूला आकार ओळखायला जी खूण हवी असते ती पोहोचतच नाही. ती खूण आपण रंगाने देतो.

ही खूण वाचण्याची मेंदूची रीतही ठरलेली आहे. मद्रासच्या स्टॅन्ली मेडिकल कॉलेजात शिकलेले मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९८८ मध्ये साध्या गोल चकत्यांवर हे दाखवलं. चकती वरून उजळ आणि खालून गडद असेल तर ती फुगीर दिसते. तीच उलटी धरली की खळगा दिसतो. उजेड वरून येतो आणि एकाच ठिकाणाहून येतो, असं मेंदू न विचारता गृहीत धरतो. म्हणून मिनीवर प्रत्येक घडीचा माथा उजळ आणि पोटाकडची बाजू गडद ठेवायची.

निसर्गात याच्या बरोबर उलटा रंगारी आहे आणि तो रोज मासळी बाजारात दिसतो. बांगडा हातात घेऊन पाहा. पाठ गडद निळसर-हिरवी, पोट चंदेरी. पाण्यात वरून उजेड पडतो, पाठ उजळते, पोट सावलीत जातं. माशाचा रंग नेमका याच्या विरुद्ध असल्याने दोन्ही एकमेकांना खोडतात आणि अंग सपाट दिसून शिकाऱ्याच्या नजरेतून निसटतं. अ‍ॅबट थेयर या अमेरिकी चित्रकाराने १८९६ मध्ये हे तत्त्व मांडलं. ते एका चित्रकाराच्या लक्षात यावं याचं मला फार अप्रूप वाटतं. बांगडा सावली पुसून टाकतो, मिनी रंगवणारा तीच सावली गडद करतो.

आता जिना. पॅरिसच्या गोबेलीन्स या गालिचे विणणाऱ्या कारखान्यात मिशेल शेव्ह्रल नावाचा रसायनशास्त्रज्ञ रंगाई विभागाचा प्रमुख होता. काळा रंग उठत नाही अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने सूत तपासलं तर रंगात खोट नव्हती, शेजारच्या धाग्यांच्या रंगामुळे काळा फिका भासत होता. १८३९ मध्ये त्याने या परिणामावर मोठा ग्रंथच लिहिला. पुढे १८६५ मध्ये ऑस्ट्रियन भौतिकशास्त्रज्ञ अर्न्स्ट माख यांनी उजेड आणि अंधाराच्या सीमेवर डोळ्याला दिसणारे, पण प्रत्यक्षात नसलेले पट्टे वर्णन केले. यामागची यंत्रणा अमेरिकी शरीरक्रियाशास्त्रज्ञ केफर हार्टलाइन यांना एका समुद्री खेकड्यासारख्या प्राण्याच्या डोळ्यात सापडली: उजेडाने चेतलेली प्रत्येक पेशी आपल्या शेजारणींना थोडं दाबते. गडद पट्टीला लागून असलेल्या उजळ पेशींवर एका बाजूने दाब कमी पडतो, म्हणून ती कड आहे त्याहून उजळ भासते. १९६७ च्या नोबेल पारितोषिकात हार्टलाइन यांचा वाटा होता.

हे घरी पाहता येतं. रंगाच्या दुकानातलं शेडकार्ड आणा, एकाच करड्या रंगाच्या चढत्या छटांच्या पट्ट्या कापून कडेला कड लावून चिकटवा. प्रत्येक पट्टी गडद शेजारणीकडे उजळ आणि उजळ शेजारणीकडे गडद दिसेल, जणू पन्हळीचा पत्रा. मग कागदाला खिडकी कापून एकच पट्टी उघडी ठेवा. ती पूर्ण सपाट असते.

म्हणजे कुंचल्याने सोडलेली कड डोळा मोठी करून दाखवतो. ती लपवायची तर दोन छटांमधला फरक इतका लहान हवा की डोळ्याच्या हाती काही लागू नये. भाच्याने चारच छटा सगळीकडे घातल्या होत्या. बाहीच्या बारीक घडीवर त्या उत्तम दिसत होत्या, कारण तिथे तीन ठिपक्यांहून जास्त जागाच नव्हती. पाठीच्या रुंद पटावर मात्र तिथल्या एकेका पायरीला दोन-दोन मिलिमीटर मिळाले होते आणि जिना तिथेच उठून दिसत होता. छटा किती घालायच्या हे घडीच्या रुंदीवरून ठरवायचं असतं, आणि नवशिक्याला हे कुणी पहिल्या दिवशी सांगत नाही याची मला हळहळ वाटते.

चट्ट्याकडे येतो. अ‍ॅक्रिलिक रंगात रंगद्रव्याची पूड आणि अ‍ॅक्रिलिकचे मायक्रोमीटरहूनही लहान गोळे पाण्यात तरंगत असतात. पाणी उडालं की गोळे एकमेकांवर दाबले जातात, चपटे होतात, एकजीव होतात आणि सलग पापुद्रा तयार होतो. तो पुन्हा पाण्यात विरघळत नाही. पापुद्रा धरायच्या आधी दोन छटा एकमेकींत मिसळता येतात, पूर्ण धरल्यावर वर नवा थर देता येतो. मधली अवस्था सगळ्यात वाईट. वरून कोरडा, आतून ओला असा पापुद्रा कुंचल्याच्या टोकाला चिकटून फाटतो. भाच्याचा चट्टा तोच होता.

मिनीवर रंग असतो तरी किती? झग्याच्या पाठीचा पट एक चौरस सेंटिमीटर धरा, ओला थर ५० मायक्रोमीटर. गुणाकार केला तर पाच घनमिलिमीटर येतात, म्हणजे ड्रॉपरच्या एका थेंबाचा दहावा हिस्सा. एवढ्याशा पाण्याचं काय होणार हे पूर्णपणे हवेच्या हातात. हवेत आणखी किती वाफ मावू शकते यावर वाळण्याचा वेग ठरतो. ठाण्याच्या खाडीकाठी जुलैत आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते. ८५ टक्के असेल तर हवेत पंधरा टक्केच जागा उरली. ४५ टक्के आर्द्रतेच्या कोरड्या खोलीत पंचावन्न. तापमान सारखं असेल तर वेगात साडेतीन पटींहून जास्त फरक पडतो. कोरड्या हवेच्या देशात बसून कुणी "एक मिनिट थांबा आणि पुढचा थर द्या" म्हणत असेल, तर ते त्याच्या खोलीपुरतं खरं आहे.

त्यात आपला पंखा. ओल्या रंगाला चिकटून वाफेने भरलेल्या हवेचा पातळ थर असतो; पंखा तो सतत उडवून लावतो. म्हणून फुल पंख्याखाली बसलं की पावसाळ्यातही रंग कुंचल्याच्या टोकावर सुकतो आणि छटा मिसळायला वेळ मिळत नाही. पंखा बंद केला तर थर वाळता वाळत नाही. मी भाच्याला सांगितलं, मिसळताना पंखा बंद, मिसळून झालं की चालू, आणि थराची चमक गेल्यावरही पाच-सात मिनिटं हात लावायचा नाही. उन्हाळ्यात एसीच्या खोलीत हिशेब पुन्हा बदलतो, कारण एसी हवेतलं पाणी काढून घेतो.

रंग पॅलेटवर सुकू नये म्हणून वेट पॅलेट लागते. ती विकत आणायची गरज नाही. झाकणाचा उथळ डबा, तळाशी ओटा पुसायचा पातळ स्पंज भिजवून, त्यावर बेकिंगचा कागद. स्पंजातलं पाणी कागदातून झिरपून वर येतं आणि उडालेल्या पाण्याची भरपाई होते. मेण लावलेला कागद मात्र चालत नाही, त्यातून पाणी जात नाही. पावसाळ्यात डब्याला कुबट वास येतो. आत तांब्याच्या तारेचा एक तुकडा टाकावा, तांब्याचे आयन बुरशी-जंतूंना वाढू देत नाहीत.

आता प्रत्यक्ष ब्लेंडिंग, म्हणजे एक छटा दुसरीत विरवणं. मला यातला सगळ्यात सुंदर भाग हाच वाटतो, आणि सगळी किमया एका नियमात आहे: पाणी ओल्याकडून कोरड्याकडे जातं. दोन कुंचले घ्यायचे. पहिल्याने घडीच्या तळाशी गडद लाल रंगाची रेघ ओढायची. दुसरा पाण्यात बुडवून फडक्यावर टिपायचा, इतका की टोक ओलसर राहील पण दाबल्यावर थेंब सुटणार नाही. त्याचं टोक रेघेच्या वरच्या कडेला आडवं टेकवून माथ्याकडे ओढायचं. कुंचला रेघेपेक्षा किंचित कोरडा असेल तर केसांमधल्या फटी रंग थोडा शोषून घेतात, उरलेला पसरतो, आणि कड विरत विरत शून्य होते. कुंचला रेघेपेक्षा ओला असेल तर पाणी उलट रंगात घुसतं, रंगद्रव्य पुढे ढकलतं आणि फुलकोबीसारखी नक्षी उमटते. भाच्याने तीनदा फुलकोबी काढली. चौथ्यांदा त्याने कुंचला अंगठ्याच्या नखावर टेकवून पाहिला, नखावर नुसती ओलसर चमक उमटली, पाणी साचलं नाही. त्या खेपेला कड विरली.

कुंचल्यांबद्दल एक गोष्ट राहवत नाही म्हणून सांगतो. मुंगसाच्या केसांचे कुंचले अजूनही चोरून विकले जातात. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार तो गुन्हा आहे आणि प्रत्येक कुंचल्यामागे एक मेलेलं जनावर आहे. चांगल्या कृत्रिम केसांच्या कुंचल्याचं टोक या कामाला पुरेसं टिकतं.

जिना झालेला पट पुसून काढायची गरज पडली नाही. त्यावर ग्लेझ दिले. मधला लाल रंग पाण्यात आणि मीडियममध्ये, म्हणजे रंगद्रव्य नसलेल्या अ‍ॅक्रिलिकमध्ये, इतका पातळ करायचा की त्यातून छापील अक्षरं वाचता यावीत, आणि तो कडांवर फिरवायचा. अशा थरातून उजेड आत जातो, खालच्या छटेवर आपटतो आणि परत येताना वरच्या रंगाने पुन्हा गाळला जातो. प्रत्येक थर छटेला थोडंसंच हलवतो. पाचव्या थराला पायऱ्या दिसेनाशा झाल्या. एक सावधगिरी: ओला असताना रंग फिका दिसतो, कारण अ‍ॅक्रिलिकचे गोळे तेव्हा दुधाळ असतात. वाळल्यावर ते पारदर्शक होतात आणि रंग गडद होतो. छटा जुळली की नाही हे वाळल्यावरच ठरवायचं.

वॉश, म्हणजे खाचांत उतरणारा अतिपातळ गडद रंग, हा सोपा वाटतो आणि डाग पाडतो. ओट्यावर सांडलेला चहा वाळल्यावर कडेलाच गडद वळं उरतं, तसंच होतं. शिकागो विद्यापीठातल्या रॉबर्ट डीगन आणि सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये याचा उलगडा केला. थेंबाची कड पृष्ठभागाला जखडलेली असते आणि तिथून पाणी जास्त वेगाने उडतं. तूट भरायला मधलं पाणी कडेकडे वाहतं आणि कण सोबत नेऊन तिथे टाकतं. म्हणून सपाट भागावर वॉशचं डबकं साचू द्यायचं नाही, टिपलेल्या कुंचल्याने लगेच उचलायचं.

रंगांची निवड हा वेगळ्या लेखाचा विषय, पण गुलाबी माथ्याबद्दल बोलायला हवं. लाल उजळ करायला भाच्याने पांढरा घातला होता. पांढऱ्यातलं टायटॅनियम डायऑक्साइड उजेड जबरदस्त विखुरतं; त्याचा अपवर्तनांक, म्हणजे उजेड वाकवण्याचं माप, २.७ च्या आसपास, भोवतालच्या अ‍ॅक्रिलिकचा दीडच्या जवळ. त्यामुळे लाल खडूसारखा फिकट होतो. लाल उजळायला नारिंगी घ्यावा. पिवळ्याची सावली काळ्याने केली तर ती हिरवट होते, तिथे तपकिरी घ्यावा.

दिवाळीत किल्ला झाला. ठाण्याला जांभळी नाक्यावरून आणलेले मातीचे मावळे भाच्याने पुन्हा रंगवायला घेतले, पगडीच्या पिवळ्याला तपकिरी सावली, अंगरख्याच्या घड्यांत निळसर करडी. दिवसा ते छान दिसले. संध्याकाळी पणती लावली आणि दरवाजावरचा पहारेकरी एकदम सपाट झाला. रंगवलेला उजेड वरून येत होता, खरा खालून. एकाने दुसऱ्याला खोडलं होतं, बांगड्यासारखं.

त्याने तो मावळा उचलून आत नेला. पणती पायांपासून दोन सेंटिमीटरवर, मावळा पाच सेंटिमीटर उंच. प्रकाश अंतराच्या वर्गाच्या प्रमाणात घटतो, म्हणजे डोक्यापर्यंत पोहोचेतो पायांशी असलेल्याच्या सातव्या हिश्श्याहूनही कमी. हा हिशेब त्याने कागदावर स्वतः केला. मग पायांवर पिवळसर नारिंगी, गुडघ्यापर्यंत शेंदरी, कमरेशी तांबूस, हनुवटीच्या खालच्या बाजूला नारिंगीचा एक स्पर्श, आणि पगडीचा माथा गडद. थर वाळेपर्यंत थांबला, पंखा चालू करून. रात्री नऊच्या सुमारास मावळा पुन्हा दरवाजावर उभा केला. पणतीची वात हलत होती आणि त्याच्या अंगरख्याच्या घड्या पहिल्यांदाच खोल दिसत होत्या.